टाचमावशीची गैरहजेरी

हे तुम्ही केलंत. वरच्या मजल्यावर, जिथे पंखे आवाज करत नाहीत आणि चहा बशीसकट येतो, तिथे बसणाऱ्यांनो, हे तुम्हीच केलंत. आता 'यंत्राचा दोष' म्हणून हात झटकू नका. यंत्र काही आपणहून चालत येऊन फाटकात आडवं पडलं नव्हतं. ते तुम्ही मागवलंत, तुम्ही बसवलंत, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतलेत. रोज साडेचारशे लोक त्यावरून चालणार होते. त्यांतल्या एकाच्याही पायांकडे तुम्ही खाली वाकून पाहिलं नाहीत.

निदान एका बाईच्या पायांकडे तरी बघायचं होतंत.

ती बाई हडळ होती. चोरून नव्हे, उघड. कामाला लागताना भरलेल्या फॉर्मात 'मनुष्य' आणि 'इतर' असे दोन चौकोन होते, त्यातल्या 'इतर'वर तिने स्वतःच्या हाताने खूण केली होती. हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाई विभागात ती तीन वर्षं चादरी धूत होती. मुलांच्या वॉर्डातली पोरं तिला टाचमावशी म्हणत, कारण ती चादरींची गाडी ढकलत समोरून आली की पोरांना आधी तिच्या टाचा दिसायच्या. हळूहळू सगळ्या हॉस्पिटलने तेच नाव धरलं. त्याचा तिला राग नव्हता. चिडायची ती एकाच वाक्याला: "तुम्हा लोकांना रात्रच बरी वाटत असेल, नाही?"

नाही. बरी वाटत नव्हती. तिची आजी झाडावर राहायची आणि आई एका पडक्या विहिरीत. दोघींनी जन्मभर रात्री जागून काढल्या. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून वाटसरू किंचाळत पळायचे, पण त्यात भयंकर असं काही नव्हतं, ती साधी जागरणाची वर्तुळं होती. आपल्या लेकीने दिवसा काम करावं आणि रात्री उशीला डोकं टेकून झोपावं, एवढंच त्या माउलीचं मागणं. टाचमावशी घराण्यातली पहिली बाई, जी रात्री दहाला दिवा मालवायची आणि सकाळी सहाला जांभई देत उठायची. ती जांभई मिळवायला तीन पिढ्या गेल्या होत्या.

म्हणून तिला दिवसपाळीत कायम व्हायचं होतं. नियम सोपा होता: हंगामी म्हणून तीन वर्षं पूर्ण आणि शेवटच्या वर्षात दोनशे दिवसांची हजेरी. बसलात नियमात तर कायम, नाहीतर घरी. तिची तीन वर्षं शुक्रवारी भरत होती. शेवटच्या वर्षात ती दोनशे अकरा दिवस आली होती. उरलेल्या सुट्ट्या, रविवार आणि लेकीच्या गालगुंडाचे दोन आठवडे. यादी शुक्रवारी लागणार होती, आणि तिला कसलीही काळजी नव्हती.

मंगळवारी सकाळी ती ड्रममधून ओल्या चादरी काढत होती. ड्रम थांबला की चादरी एकमेकींच्या गळ्यात पडून बसतात. त्या सोडवून, झटकून, टोकं जुळवून रोलरवर द्यायच्या असतात. रोलरवर पैलवान होता. पैलवान म्हणजे खवीस, उंची दाराएवढी, आवाज पाण्याच्या पंपासारखा. उशीच्या अभ्र्यांना मात्र इतक्या हळुवार हाताने घड्या घालायचा की परिचारिका मुद्दाम बघायला खाली येत.

धुलाईचे मुकादम जिना उतरून आले. हे माणूस होते, आणि भित्रे होते. भुतांना नव्हे, कागदांना.

"मावशी, जरा हात पुसा."

"का? वरून कोणी येतंय?"

"वरून इथे कोण येणार! कागद आलाय."

तिने ॲप्रनला हात पुसले आणि कागद घेतला. त्यात लिहिलं होतं की आपण मागील वर्षात कामाच्या वेळेत दोनशे अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्याचे, तसेच दोनशे अकरा रात्री धुलाई विभागात विनापरवानगी वास्तव्य केल्याचे आढळून आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कायम करण्याच्या यादीसाठी आपला विचार केला जाणार नाही.

तिने दोनदा वाचलं. मग कागद उलटा करून मागे पाहिलं, जणू मागे 'गंमत केली' असं लिहिलेलं असावं.

"हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे."

"नंबर तुमचाच आहे हो."

पैलवानाने रोलर थांबवला. "दोनशे अकरा रात्री? इथे? मावशी, आधी सांगायचं होतंत. एक घोंगडी ठेवली असती की तुमच्यासाठी."

"तू गप रे. मुकादम, मी सकाळी आठला येते, पाचला जाते. तुम्ही रोज बघता मला."

"बघतो की. रोज बघतो."

"मग तसं लिहून द्या."

मुकादम ड्रमकडे बघत राहिले. "मी बघतो हे खरंय, मावशी. पण मी बघितलेलं आता पगारापुरतंच, यादीला धरत नाहीत. वर्ष झालं. आता चटईने बघितलेलंच धरतात."

चटई म्हणजे ते यंत्र. फाटकात अंथरलेला जाड काळ्या रबराचा पट्टा, आत तारा. गळ्यातल्या कार्डावरून तिला कळायचं कोण आहे, आणि पावलावरून कळायचं कुठे चाललाय. बोटं आतल्या बाजूला वळलेली असतील तर माणूस आला. बोटं बाहेरच्या बाजूला असतील तर माणूस गेला. एवढीच तिची अक्कल. पैलवानाचं वजन ती दोन माणसांचं धरायची, त्यामुळे त्याची हजेरी दुप्पट झाली होती आणि उत्तम उपस्थितीबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. औषधांच्या कोठारातला समंध मुळात हवेचा. त्याला चटईने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती आणि तो रोज तीनला घरी जात होता. हंगामी लोकांचा पगार मुकादमांच्या वहीवरून निघायचा, त्यामुळे चटई काय लिहिते आहे ते वर्षभर कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं ते थेट यादी करायच्या वेळी.

जेवणाच्या सुट्टीत ती हजेरीच्या खिडकीवर गेली. आत हजेरीचे कारकून बसले होते, चष्म्याला दोरी, टेबलावर तीन शिक्के. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघा. काल. सकाळी सात चोपन्न, बाहेर. संध्याकाळी पाच सहा, आत. शनिवारी. सात एक्कावन्न, बाहेर. पाच चार, आत. सगळं वर्ष असंच. फार नियमित आहात तुम्ही, हे मात्र मानलं पाहिजे."

"मग रात्रभर मी आत काय करत होते म्हणता?"

"ते तुम्ही खुलाशात लिहायचं ना!"

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने साडीच्या निऱ्या वर धरल्या आणि उजवा पाय उचलून थेट खिडकीच्या फळीवर ठेवला. टाच कारकुनांच्या नाकासमोर, बोटं तिच्या स्वतःच्या पोटाकडे.

"मावशी! पाय खाली घ्या, लोक बघताहेत."

"बघू देत. बघण्यासाठीच ठेवलाय. मी आत येते तेव्हा माझी बोटं कुठे असतात?"

कारकुनांनी चष्मा वर केला, पायाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत पायाकडे. "बाहेर," ते म्हणाले.

"आणि घरी जाते तेव्हा?"

"आत." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अच्छा! म्हणजे यंत्र बरोबरच आहे."

"काय?"

"बोटं बाहेर होती, यंत्राने बाहेर लिहिलं. त्याची काहीच चूक नाही. अडचण पायांत आहे."

रागाने तिचे केस आपोआप वर उठायला लागले. हडळीचे उठतात. तिने ते दोन्ही हातांनी खाली दाबले आणि शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाली, "माझ्या कामावर घेतल्याच्या कागदावर तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय. ओळखीची खूण, दोन्ही पाय उलटे. खाली सही आहे, शिक्का आहे."

"असेल ना. पण तो आरोग्याचा कागद. तो त्या कपाटात. हजेरी या कपाटात. आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे." कारकून पुढे झुकले. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच मदत करायची होती, आणि डोकं फिरवणारी गोष्ट हीच होती. "मावशी, मी एक सुचवू? उद्यापासून उलटं चालत या. म्हणजे पाठ आत, तोंड बाहेर. तुमची बोटं आपोआप आत वळतील. झालं काम!"

"आणि मागचे दोनशे अकरा दिवस?"

"मागचं सोडा. पुढचं तरी बरोबर होईल."

"पुढचे दिवस तीनच उरलेत हो!"

"म्हणूनच सांगतो, लगेच सुरू करा."

घरी तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा चकवा होता. त्याच्या बापजाद्यांनी वाटसरूंना रानात गोल गोल फिरवून दमवलं. याने त्याच कसबावर चालण्याचा वर्ग काढला होता. पोट सुटलेल्या तीस माणसांना तो रोज सकाळी बागेत घेऊन जायचा आणि कारंज्याभोवती आठ मैल फिरवून आणायचा. कुणालाच कळायचं नाही. उलट 'आज काय सुंदर लांबचा रस्ता दाखवलात,' म्हणून त्याचे हात हातात घ्यायचे.

"अगं, मग चाल ना उलटी," तो लेकीच्या बुटांची नाडी मागच्या बाजूला बांधून दाखवत म्हणाला. लेक सात वर्षांची, आईच्याच पायांची. "कोण बघतंय?"

"साडेचारशे लोक बघतात."

"कोणी बघत नाही. माझा रोजचा अनुभव आहे. तेच कारंजं बाराव्यांदा येतं, तरी लोकांना वाटतं आपण पुढेच चाललोय."

"माझी पाठ कशी आहे तुम्हाला माहीत नाही का?"

त्याला चांगलंच माहीत होतं. हडळीची पाठ पोकळ असते. ॲप्रन नीट बसावा म्हणून ती त्या पोकळीत एक छोटी उशी ठेवायची, आणि उशीखाली जेवणाचा डबा, दुपारपर्यंत गरम राहायचा. पाठ ही तिची खासगी जागा होती. ती नवऱ्यालासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी दाखवली होती.

"आई सांगायची," ती म्हणाली, "पाय कुठेही बघू देत, तू पुढे बघून चाल."

"तुझ्या आईला काय, विहिरीत बसून सांगायला? विहिरीला फाटक नव्हतं."

"माझ्या आईचं नाव काढू नका हां!"

"बरं, नाही काढत. पण तुला रात्री झोपायचंय ना पुढची वीस वर्षं? मग उद्याची दहा पावलं उलटी टाक. एवढंच म्हणतो."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. जागं राहावं लागतंय याचाच तिला जास्त संताप आला.

बुधवारी सकाळी सात बावन्नला ती फाटकाशी आली, वळली, आणि पाठ पुढे करून चटईवर चढली. मागचं दिसत नव्हतं, त्यामुळे पावलं चाचपडत पडत होती. एरवी मागे, म्हणजे आता समोर, रांगेत उभे असलेले सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नवऱ्याचं म्हणणं साफ खोटं ठरलं. लोक इतकं टक लावून बघत होते की कुणी फाटकातली रांगसुद्धा मोडली नाही.

चटईने बोटं पाहिली. बोटं आत होती. चटईने लिहायला घेतलं, 'आत', आणि मग तिला आठवलं की ही बाई काल संध्याकाळी पाच पाचलाच आत आलेली आहे आणि अजून बाहेर पडलेली नाही.

लाल दिवा लागला. भोंगा वाजला. दोन्ही बाजूंचे लोखंडी दांडे खाडकन खाली आले, आणि भिंतीतून एक गोड बाईचा आवाज म्हणाला, "प्रवेश नाकारला आहे. आपण आधीच आत आहात."

"मी आत कुठे आहे? मी इथे आहे!"

"आपण आधीच आत आहात," तो आवाज तितक्याच गोडपणे म्हणाला.

दांड्यांच्या मधे ती एकटी. बाहेर तीनशे लोक. रखवालदार धावत आला, त्याने तिला खालून वर पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, मग आत कोण आहे?"

"कोणी नाही आत!"

"यंत्र म्हणतंय आहे." तो काठी घेऊन तळघरात गेला, दुसऱ्या टाचमावशीला शोधायला. ड्रममध्ये पाहिलं, चादरींच्या ढिगाखाली पाहिलं. आत फक्त पैलवान होता, त्याला दोनदा विचारलं. तोवर बाहेर मोठे सर्जन हातात पिशवी घेऊन ताटकळत होते. ते म्हणाले, माझा पेशंट टेबलावर आहे, मला तरी सोडा. रखवालदार कुठे राहिला ते बघायला ती आत तोंड करून वळली, मागून लोक दांड्यावर रेलले, आणि त्या धक्काबुक्कीत ॲप्रनची गाठ सुटली. उशी पडली, उशीमागून डबा पडला, झाकण निघालं, आणि सगळं जेवण सर्जनांच्या बुटांवर सांडलं. सर्जनांनी बुटांकडे पाहिलं. मग जिथून डबा आला त्या जागेकडे पाहिलं. अर्ध्या आयुष्यात त्यांनी माणसांची किती पोटं उघडली असतील, पण ते मटकन खाली बसले.

चाळीस मिनिटांनी हजेरीचे कारकून किल्ली घेऊन आले. दांडे उचलायचे तर आधी कोणाला तरी बाहेर काढल्याची नोंद करावी लागते, म्हणून त्यांनी हाताने नोंद केली: टाचमावशी, बाहेर. म्हणजे ती त्याही दिवशी गैरहजर. दुपारी तिच्या नावाने दुसरा कागद आला, फाटक अडवल्याबद्दल.

"उद्या मी तुम्हाला उचलून आणतो," पैलवान म्हणाला. "कार्ड तुमचं, पाय माझे. चटईला काय कळतंय?"

"तीन वर्षं स्वतःच्या पायांनी आलेय. शेवटचे दोन दिवस तुझ्या खांद्यावर बसून येऊ होय?"

"राग माझ्यावर का काढता?"

"मग कोणावर काढू? सांग ना! कारकून म्हणतो यंत्र बरोबर. यंत्र म्हणतं मी आत. मुकादम म्हणतात माझं धरत नाहीत. ज्याच्यावर काढायचा तो भेटतच नाही!" तिने इतक्या जोरात चादर झटकली की तिचा उभा पट्टा फाटला. तीन वर्षांत तिच्या हातून फाटलेली ही पहिली चादर होती.

गुरुवारी तिने खुलासा लिहिला. तिचं शिक्षण बेताचं, पण तिला काय म्हणायचंय ते तिला पक्कं माहीत होतं. तिने लिहिलं की माझे पाय उलटे आहेत, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहेत. मी सकाळी येते तेव्हा तुमच्या चटईला जाताना दिसते. मी दोनशे अकरा दिवस आले. त्या दिवसांत मुलांच्या वॉर्डाच्या चादरी मी धुतल्या, रोज साठ. मी नव्हते तर त्या कोणी धुतल्या, ते तुम्ही सांगा. मुलांच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेने खाली लिहून दिलं की ही बाई रोज सकाळी सव्वानऊला चादरी घेऊन येते आणि पोरांना हसवते. मुकादमांना पेन दिलं तेव्हा त्यांच्या घामाचा थेंब कागदावर पडला, पण त्यांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाच्या बाजूने सही केली असावी. कारकुनांनी खुलासा घेतला आणि तिन्ही शिक्के मारले.

शुक्रवारी अकरा वाजता यादी लागली. पैलवानाला पुढे घुसावं लागलं नाही, तो सगळ्यांच्या डोक्यांवरूनच वाचायला लागला.

"मावशी! आहात! चौदावा नंबर! कायम!"

तळघरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने डोळे मिटले. आईची विहीर तिच्या डोळ्यांसमोर आली, आईचा काळवंडलेला चेहरा, आणि ती मनात म्हणाली, झालं बघ, आई.

"पुढे काहीतरी लिहिलंय," पैलवान म्हणाला. मग त्याचा तो पंपासारखा आवाज एकदम बारीक झाला. "मावशी, रात्रपाळी लिहिलंय."

"आपल्याकडे रात्रपाळी नाहीच."

"नवीन काढलीय. तुमच्यासाठी. खाली टीप आहे."

ती वर गेली. तळघरातून सहाव्या मजल्यापर्यंत, जिन्याने, कारण लिफ्टमध्येही तसलीच एक छोटी चटई होती आणि तिला आता तिच्यावर पाय ठेवायचा नव्हता. प्रशासनाच्या मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. टेबलावर फुलदाणी होती, आणि पंखा खरंच आवाज करत नव्हता.

"या या, अभिनंदन!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "तुमचा खुलासा मी स्वतः वाचला. फार हृदयस्पर्शी लिहिलंय. आम्ही सहानुभूतीने विचार केला. नोंदीनुसार तुमच्या दिवसाच्या हजेऱ्या शून्य होतात, त्याला आमचा नाइलाज. पण रात्रीच्या दोनशे अकरा होतात. दोनशेची अट तर पूर्णच! फक्त परवानगी नव्हती, ती आम्ही मागच्या तारखेने देऊन टाकली."

"मॅडम, मी रात्री इथे नव्हते. घरी झोपले होते."

"ते मी ऐकलंच नाही असं समजा." मॅडमनी डोळे मिचकावले. "उगाच स्वतःचं नुकसान का करून घेता? आणि खरं सांगू, आम्हालाही समाधान आहे. तुमच्या समाजाच्या सवयी लक्षात घेऊन पहिल्यांदाच असा निर्णय होतोय. तुम्हा लोकांना रात्रच बरी वाटते ना?"

केस वर उठले. या वेळी तिने ते दाबले नाहीत. फुलदाणीतली फुलं पटापट माना टाकायला लागली.

"मॅडम, एक सांगा. सोमवारपासून मी संध्याकाळी यायचं आणि सकाळी जायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मी संध्याकाळी आत येताना तुमची चटई काय लिहील?"

मॅडमनी विचार केला. कोरा कागद घेतला. त्यावर एक चौकोन काढला, एक पाऊल काढलं, बाण काढला, खोडला, परत काढला. "बाहेर," त्या शेवटी म्हणाल्या.

"आणि सकाळी जाताना?"

"आत." मग त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे तुमची दिवसाची हजेरी लागेल! बघा, तुम्हाला हवं होतं तेच झालं. पुढच्या वर्षी दिवसपाळीचा अर्ज करा, दोनशे दिवस अगदी आरामात..."

"आणि तोवर वर्षभर रात्री गैरहजर म्हणून मला काढाल, त्याचं काय?"

"तेव्हा तुम्ही खुलासा द्यायचा. तुम्हाला छान लिहिता येतं."

मॅडमनी संमतीपत्र पुढे सरकवलं. पाच वाजेपर्यंत सही केली नाही तर जागा रद्द, असं त्यावर ठळक छापलेलं होतं. खाली सहीची रेघ, रेघेजवळ पेन.

टाचमावशीने पेन उचललं. तिला लेक आठवली. शाळेतून येऊन लेक बंद दाराशी उभी राहील, कारण आई दिवसभर आत झोपलेली असेल. रात्री लेक झोपेल, आणि आई साठ चादरींसमोर जागी बसेल, डोळ्यांखाली काळं घेऊन. मग कधीतरी एखादं पोर तिला पहाटे वॉर्डात बघेल आणि किंचाळेल. त्याच क्षणी ती परत विहिरीत पोचलेली असेल, नोकरीत कायम होऊन.

तिने पेन खाली ठेवलं. संमतीपत्राला हातही लावला नाही. मॅडमच्या समोरची खुर्ची ओढली आणि कोणी बस न म्हणता बसली.

"मॅडम, पाच वाजायला अजून पाच तास आहेत. मी इथून हलणार नाही. सोमवारी सकाळी आठला मी फाटकावर येणार आहे, तोंड पुढे करून, जशी तीन वर्षं आले तशी. साठ चादरी दिवसा मळतात, त्या मी दिवसाच धुणार. मला खुलासा मागू नका, मी दिलाय. अर्ज कर म्हणू नका, तो तीन वर्षांपूर्वीच केलाय. यंत्राला विचारते म्हणू नका, त्याला तोंड आहे पण डोकं नाही. तुम्हाला आहे. दिवसाच्या कामावर मला कायम घेताय की नाही? तुम्ही सांगा. हो की नाही?"